देवळालीचा ताप

आमच्या बीड जिल्ह्यात लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापतात, तो तेवढी जागा मोकळी दिसू नये म्हणून. 'सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी' असा पंचांग पिळून काढलेला मुहूर्त असतो आणि बरोबर त्या मिनिटाला नवरदेव मारुतीच्या देवळापुढं घोड्यावर असतो. घोडा डीजेला बिचकून मागं मागं सरकत असतो, नवरदेवाचे मित्र घोड्यापुढं डांबरावर लोळून नागीण नाचत असतात आणि नवरदेवाचा बाप सगळ्यांच्या मागं उभा राहून "चला रे, आवरा रे" असं आभाळाकडं बघून म्हणत असतो. इकडं मांडवात सगळा कारभार माइकवाल्याच्या हाती. तो आलेल्यांचं स्वागत करतो, येणाऱ्यांचं करतो आणि जे येणारच नाहीत त्यांचंही "थोड्याच वेळात आगमन होत आहे" म्हणून आगाऊ उरकून ठेवतो.

परवा अशाच एका लग्नात पुण्याहून आलेला माझा भाचा शेजारी बसला होता. अक्षता कधीच्याच वाटून झाल्या होत्या. त्याच्या मुठीतल्या घामानं तांदळाचा गुलाबी रंग तळहातावर उतरला होता आणि तांदूळ पुन्हा पांढरे झाले होते. शेवटी त्यानं लगबगीनं चाललेल्या एका कार्यकर्त्याला अडवलं.

"दादा, लग्न किती वाजता लागणार?"

"लागलंच समजा. साहेब केजहून निघालेत."

"निघालेत म्हणजे कुठवर आलेत?"

"निघालेत म्हणजे, निघतोच म्हणलेत."

भाच्यानं खुर्चीत अंग टाकलं आणि म्हणाला, "मामा, आता मी डूलाली होणार."

मी जन्मभर इंग्रजीचा मास्तर. इंग्रजीच्या मास्तराला एखादा शब्द माहीत नसला की तो सावकाश मान हलवतो. तशी मी हलवली. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी शब्दकोश काढला आणि उभ्या उभ्याच खाली बसलो. डूलाली म्हणजे वेडा, डोक्यानं सुटलेला. आणि हे डूलाली म्हणजे दुसरंतिसरं काही नसून नाशिकशेजारची आपली देवळाली! मुंबईच्या शेठलोकांनी जिथं चांगल्या हवेसाठी बंगले बांधले, डॉक्टर ज्या गावी हवापालटाला पाठवायचे, त्याच गावाच्या नावानं इंग्रज वेडे व्हायचे. हवा एकच, पण ती घेणाऱ्याच्या नशिबावर असते म्हणायचं.

त्याची हकिगत अशी. १८६१ साली इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देशभरातून इथं आणून ठेवत आणि इथून मुंबईला नेऊन जहाजात बसवत. पण शिपायांची जहाजं सुटायची ती साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्यानं पुढच्या नोव्हेंबरपर्यंत देवळालीत बसायचं. हत्यारं जमा केलेली. काम असं काही नाही. अधूनमधून सामान मांडून दाखवायचं, एखाद्या दिवशी लांबवर कवायतीनं चालून यायचं. बाकी वेळ ऊन, माश्या, हिवताप आणि बाजारातली दारू. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या शिपायानं १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात याचं वर्णन आहे. सगळी नोकरी नाकासमोर चालून काढलेले शिपाई घरी जायच्या तोंडावर देवळालीत असं काही करून बसत की जहाजाच्या आधी त्यांना तुरुंगात जावं लागे. असा कुणी चमत्कारिक वागायला लागला की बाकीचे म्हणत, याला 'डूलाली टॅप' झाला. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. पुढं ताप उतरला आणि डूलाली तेवढं इंग्रजीत राहिलं.

भाच्याला फोन केला. म्हटलं, "अरे, तुला हे माहीत होतं?"

"नाही मामा. पुण्यात त्या नावाची बिअर मिळते, तिथं ऐकला शब्द."

म्हणजे त्याच्या डूलालीत टॅप हा नळच होता.

हे सगळं कळल्यावर मला जे झालं, त्याला तापच म्हणायला हवं. दिसेल त्याला धरून मी देवळालीची गोष्ट सांगायला लागलो. सुरुवात घरातून.

"ऐकलंस का? इंग्रज देवळालीत वेडे व्हायचे."

"होऊ द्या. गॅसचा नंबर लावला का?"

केस कापायला गेलो. मानेवर वस्तरा असताना माणसानं बोलू नये हे कळतं, पण ताप तो ताप. कारागीर वस्तरा थांबवून म्हणाला, "देवळालीला आमच्या साडूचं दुकान आहे सर. त्याचं तर बरं चाललंय." चहाच्या टपरीवर एक निवृत्त हवालदार भेटले. देवळालीला आता तोफखान्याची मोठी शाळा आहे, तिथं त्यांचं प्रशिक्षण झालेलं. त्यांना आदरानं विचारलं, "तिथं तुमच्या डोक्यावर काही परिणाम झाला का हो?" हवालदारांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता तोफ डागतात. पण शांतपणे म्हणाले, "सर, पहाटे पाचला उठवायचे अन् रातच्याला उभ्यानं झोप यायची. वेड लागायला फुरसतच दिली नाही." इंग्रजांच्या अख्ख्या लष्करी कारभाराला जे उमगलं नाही ते हवालदारांनी अर्ध्या कपात सांगून टाकलं.

कळस झाला तो एका दहाव्याला. नदीकाठी पिंड मांडलेला आणि सगळी मंडळी कावळ्याची वाट बघत लिंबाच्या सावलीत बसलेली. कावळा समोरच्या बाभळीवर होता, पण खाली यायचं चिन्ह नाही. घरच्यांनी मयताच्या सगळ्या इच्छा एकेक करून कबूल केल्या. धाकट्याचं लग्न करू म्हणाले, बांधाचं भांडण मिटवू म्हणाले, विहिरीतला वाटासुद्धा सोडला. कावळा ढिम्म. वाट पाहण्याच्या विषयाला याहून चांगली जागा मिळायची नाही असं वाटून मी हळूच देवळालीची गोष्ट काढली. माझा शिपाई अजून मुंबईच्या बंदराला पोचायचा होता, तेवढ्यात कावळ्यानं झडप घातली आणि पिंड घेऊन गेला.

शेजारचे एक म्हातारबा धोतर झटकत उठले. म्हणाले, "व्हय, मयताला ऐकवलं नसंल."

तेव्हापासून दहाव्याला मला बोलावणी जास्त येतात, हा भाग वेगळा.

ताप थोडा उतरल्यावर मी इंग्रजांच्या बाकीच्या वेडाकडं वळलो. हा समाज वेडाच्या बाबतीत फार टापटिपीचा. प्रत्येक वेडाला त्यांनी कुठला तरी धंदा नाही तर पत्ता चिकटवलेला. टोपीवाल्यासारखा वेडा म्हणायचे, कारण सशाच्या केसांचा नमदा करताना टोपीवाले पारा वापरत आणि त्याच्या वाफेनं त्यांचे हात थरथरत, डोकं भ्रमिष्ट होई. १८६५ साली 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या टोपीवाल्यानं ते वेड जगभर पोचवलं. गोंधळाला ते बेडलम म्हणतात, तेही लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून. मूळ संस्था १२४७ सालची. एके काळी लोक तिथं पैसे टाकून वेडे बघायला जात. आपल्याकडं त्यासाठी कुणी पैसे मोजणार नाही, ग्रामसभेला प्रवेश फुकट असतो.

आपलंही वेड तसं पत्त्यावरच चालतं. कुणी वेडंवाकडं बोललं की मुंबईकर त्याला ठाण्याला पाठवतो आणि पुणेकर येरवड्याला. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, तेव्हापासून बिचारे ठाणेकर 'मी ठाण्याचा' म्हणून पुढं घाईघाईनं भागाचं नाव सांगतात. पण या दोन्ही पत्त्यांच्या वर आपला एक खास पत्ता आहे, आणि तो आमच्या शेजारचा आहे. वेड पांघरून पेडगावला जाणं! हे पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथं मोगलांचा बहादूरगड आणि त्यावर बहादूरखान कोकलताश. म्हणीमागची कथा अशी सांगतात की १६७४ साली, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर, मराठ्यांची एक लहान तुकडी खानावर चालून गेली आणि घाबरल्यासारखं करून पळत सुटली. खान सगळी फौज घेऊन तिच्या मागं लागला. तोवर दुसरी मोठी तुकडी मोकळ्या गडात शिरली आणि बादशहासाठी ठेवलेला खजिना अन् घोडे घेऊन निघूनही गेली. खान दमून परत आला तेव्हा गडात फक्त हिशोबाच्या वह्या उरल्या असणार.

दोन गावांत अंतर फार नाही, पण फरक बघा. इंग्रज देवळालीत खरोखर वेडे झाले आणि हाती काही लागलं नाही. आपण पेडगावात खोटे वेडे झालो आणि खजिना आणला. वेडाचा धंदा कुणी कसा करावा, याचा हा नमुना आहे. आमच्याकडं आजही कर्जवसुलीचा माणूस दारात आला की घरातला सगळ्यात हुशार माणूस पुढं होऊन "मला काय कळतंय त्यातलं" म्हणतो, तो पेडगावचाच रस्ता.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. देवळालीतल्या शिपायाला वेड लागायला फार तर सातआठ महिने पुरले. या वाट पाहण्याच्या परीक्षेला बीडकर बसले असते तर काय झालं असतं? इथं मला 'असते तर' म्हणायची गरज नाही. आम्ही बसलोच होतो. आमची अहमदनगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. लांबी २६१ किलोमीटर. जिल्ह्यात परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे, पण जिल्ह्याच्या गावाला नाही. गोपीनाथ मुंडे यांचं स्वप्न म्हणून ती ओळखली गेली, प्रत्येक निवडणुकीत ती भाषणातून धडधडत जायची. खर्चाचा आकडा तेवढा ठरलेल्या वेळी वाढत ४ हजार ८०० कोटींच्या घरात गेला. मधल्या काळात रेल्वेची मागणी करणाऱ्या मोर्चात बापाच्या खांद्यावर बसून आलेली पोरं स्वतः बाप झाली. नगरचं अहिल्यानगर झालं. म्हणजे रेल्वेच्या एका टोकाचं नाव बदललं, तरी रेल्वे यायचीच होती.

पण एकही बीडकर डूलाली झाला नाही! का झाला नाही, यावर मी बराच विचार केला (निवृत्त माणसाला ती सोय असते) आणि माझा सिद्धान्त असा आहे की वेड वाट पाहण्यानं लागत नाही, तारखेनं लागतं. देवळालीच्या शिपायाला नोव्हेंबर ठाऊक होता. तो रोज कॅलेंडर बघायचा आणि रोज नोव्हेंबर तेवढाच लांब दिसायचा. आम्हाला तारखा दिल्या गेल्या, पण आम्ही एकीवरही विश्वास ठेवला नाही. ज्याला गाडी यायचीच नाही याची खात्री आहे, तो स्टेशनवर बसूनही शांत असतो. मांडवात माझा भाचा का बिथरला? त्यानं पत्रिका वाचली होती. बाकीचे चारशे लोक आनंदात होते, कारण त्यांनी पत्रिकेवर फक्त जेवणाचं ठिकाण बघितलं होतं.

सिद्धान्ताला पुरावा हवा असेल तर केज तालुक्यातलं विडा गाव घ्या. धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढायची, ही तिथली कित्येक पिढ्यांची रीत. गळ्यात चपलांची माळ, पुढं वाजंत्री, आणि मिरवणूक संपली की जावयाला नवे कपडे अन् सोन्याची अंगठी. आता गंमत बघा. या जावयाला तारीख पक्की माहीत असते. धुळवड काही पुढं ढकलता येत नाही. मग एरवी बँकेत, शाळेत, पोलिसात मानाची नोकरी करणारा माणूस सण जवळ आला की फोन बंद करतो, पाहुण्यांकडं लपतो, रातोरात गाव बदलतो. आणि गावकरी गाड्या घेऊन त्याच्या मागावर निघतात. होळीच्या आदल्या दिवशी केजच्या आसपास तोंडाला उपरणं गुंडाळून कुणी घाईत निघालेला दिसला, तर तो चोर आहे असं समजू नका. जावई आहे. हेच धुळवड कधी आहे हे कुणालाच माहीत नसतं, तर सगळे जावई निवांत सासरी पुरणपोळी खात बसले असते.

बरं, नुसती वाट पाहत बसणं म्हणजे आमच्याकडं रिकामं बसणं नव्हे. ती आमची कामाची जागा आहे. कुठल्याही कचेरीच्या व्हरांड्यात बघा. "साहेब जेवायला गेलेत" असं कळल्यावर पुण्याचा माणूस घड्याळ बघतो, आमचा माणूस शेजारच्याला विचारतो, "कुण्या गावचे तुम्ही?" तिथून सुरुवात होते ती पाव्हणपण निघेपर्यंत. पाच मिनिटांत निघतंच. साहेब जेवून, झोपून येईपर्यंत दोन सोयरिकी जमतात, एका म्हशीचा सौदा होतो आणि सरपंचाच्या निवडणुकीचा निकाल लागतो. साहेब आल्यावर उलट पंचाईत होते. एकदा शिपायानं आत बोलावलं तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "जरा थांब म्हणावं साहेबाला, पोरीचं ठरत आलंय."

असं निर्धास्त चाललेलं असताना घात झाला. रेल्वे खरंच आली. २०२२ च्या सप्टेंबरात ती आष्टीपर्यंत येऊन थांबली, तोवर ठीक होतं. आष्टी म्हणजे काही बीड नव्हे, असं म्हणून आम्ही मन शांत ठेवलं. पण १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती थेट बीडच्या स्टेशनात उभी राहिली. तीन दशकं शहाणं राहिलेलं माझं गाव त्या दिवसांत डूलाली झालं. गाडीला हार घातले, गाडीपुढं नारळ फोडले, गाडीबरोबर फोटो काढले, गाडी गेल्यावर रुळांबरोबर काढले. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी इंजिनाला हळदीकुंकू लावायचा हट्ट धरला. नातू म्हणाला, "आजी, ती परत जायचीय दुपारी." आजी म्हणाल्या, "तेच म्हनते. परत यायला पायजे ना?" आजींनाही अनुभव होताच.

मीही गेलो. सुमारे १६७ किलोमीटरला सुरुवातीच्या वेळापत्रकात साडेपाच तास. मोटारीनं त्याच्या निम्म्या वेळात माणूस नगरला पोचतो. भाच्यानं फोनवर विचारलं, "मग रेल्वेनं कशाला जाता मामा?" आता याला काय सांगायचं! जिची तीस वर्षं वाट पाहिली ती अडीच तासांत संपवायची? डब्यात एकाच्याही कपाळाला आठी नव्हती. रायमोह गेलं, आष्टी गेलं, कडा गेलं. गाडी माळावर उभी राहिली की मंडळी खाली वाकून रूळ बघायची, खाली रूळ आहेत ना याची खात्री करून पुन्हा बसायची. एका काकांनी सीताफळाची पाटी उघडली आणि अख्ख्या डब्यात वाटली. बिया कुठं टाकायच्या, यावर नगरपर्यंत चर्चा पुरली.

नगरच्या फलाटावर उतरताना मला आठवलं की स्पाइक मिलिगन इथलाच. रेडिओवरच्या 'गून शो'मधून सगळ्या इंग्लंडला वेडेपणानं हसायला शिकवणारा हा माणूस १९१८ साली अहमदनगरला जन्मला, बाप इंग्रजांच्या लष्करात होता. म्हणजे देवळालीनं इंग्रजांना वेड दिलं आणि नगरनं त्या वेडावर हसणारा दिला. आमच्या रेल्वेचं एक टोक अशा पुण्यभूमीत आहे. हे मी शेजारच्या प्रवाशाला सांगायला वळलो, तर तो पिशवी घेऊन दुसऱ्या दारानं उतरला होता.

आता बीडहून परळीपर्यंतचं काम बाकी आहे. तुम्ही कधी इकडं आलात तर आमच्या लोकांना एवढी एक मदत करा. "परळीची गाडी कधी सुरू होणार?" असं कुणी विचारलं तर "येईल की" म्हणा आणि चहा सांगा. महिना, वार, मुहूर्त काही सांगू नका. आम्हाला तोवर शहाणं राहायचंय.